अमेरिकेतील सरकारी जमिनीवर रानात मुक्काम: परवाने आणि नियम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकाच धर्तीचे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. कोणी कॅलिफोर्नियात नव्याने आलेले असतात, कोणी न्यू जर्सीतून विचारतात, तर कोणाला पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना डोंगरात एक रात्र न्यायचे असते. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. माझा वावर मुख्यतः कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत असल्याने उदाहरणे तिकडची जास्त आहेत. शुल्क आणि तारखा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या कार्यालयाचे चालू वर्षाचे पान अवश्य वाचावे.

१. अमेरिकेत जंगलात कुठेही तंबू लावता येतो का, की प्रत्येक ठिकाणी परवाना लागतोच?

दोन्ही समज चुकीचे आहेत. परवाना लागतो की नाही, हे जंगल किती दाट आहे यावर ठरत नाही. ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते. केंद्र सरकारच्या जमिनी प्रामुख्याने चार खात्यांकडे आहेत. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले बीएलएम, सुमारे २४.५ कोटी एकर सांभाळते. फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर, तर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे सुमारे ८.५ कोटी एकर जमीन आहे. चौथे खाते फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. त्याची क्षेत्रे वन्यजीवांसाठी राखीव असल्याने तेथे मुक्कामाला सहसा वाव नसतो. या आकड्यांचा आवाका कळावा म्हणून सांगतो: संपूर्ण महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साधारण ७.६ कोटी एकर भरते, म्हणजे एकट्या बीएलएमची जमीन महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे.

ढोबळ नियम असा की बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर मुक्कामासाठी परवाना लागत नाही, तर राष्ट्रीय उद्यानात रानातील मुक्कामाला जवळपास नेहमीच लागतो. या ढोबळ नियमाला भरपूर अपवाद आहेत आणि खालील बहुतेक उत्तरे त्या अपवादांविषयीच आहेत.

२. ‘वाइल्डरनेस’ हा शब्द नकाशावर वेगळा का छापलेला असतो? तो जंगलाचाच दुसरा शब्द नाही का?

नाही. येथे ती कायद्याची संज्ञा आहे. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली. माणूस जेथे केवळ पाहुणा असतो, वस्तीला राहत नाही, अशी भूमी जशी आहे तशीच राखावी, हा त्या कायद्याचा गाभा. त्या वेळी सुमारे ९१ लाख एकर क्षेत्र या संरक्षणाखाली आले. आज ते ११ कोटी एकरांच्या वर गेले आहे.

मुख्य गोंधळ असा होतो की वाइल्डरनेस हे पाचवे खाते नव्हे. वरील चारही खात्यांच्या जमिनीत असे पट्टे आखलेले आहेत. एकाच नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या वनात, रस्त्यालगत परवान्याशिवाय तंबू लावता येतो आणि दोन मैल आत गेल्यावर, वाइल्डरनेसची हद्द ओलांडताच, परवाना बंधनकारक होतो, असे सिएरात सर्रास आढळते. सिएरातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे तर सुमारे ९५ टक्के क्षेत्र वाइल्डरनेस आहे. या हद्दीत मोटार, सायकल, यांत्रिक करवत यांपैकी काहीही चालत नाही.

३. आपण उभे आहोत ती जमीन कोणाची आहे, हे प्रत्यक्षात कसे ओळखायचे?

नकाशाच्या रंगावरून. बीएलएमच्या प्रचलित नकाशांत त्यांची स्वतःची जमीन पिवळी, फॉरेस्ट सर्व्हिसची हिरवी, राज्य सरकारची निळी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. नेवाडा किंवा युटामधील असा एखादा नकाशा पसरून पाहिला, तर पिवळ्या रंगात पांढऱ्या आणि निळ्या चौकोनांची नक्षी दिसते. त्यातला प्रत्येक पांढरा चौकोन कोणाच्या तरी मालकीचा आहे आणि जमिनीवर कुंपण असेलच असे नाही. फोनमधील नकाशात हिरवे दिसते म्हणून ते सरकारी रान, असे मुळीच समजू नये.

नॅशनल फॉरेस्टमध्ये गाडी कोणत्या रस्त्यावर न्यायची, यासाठी मोटर व्हेईकल यूज मॅप हा स्वतंत्र, विनामूल्य नकाशा मिळतो. दिसायला तो अगदी रुक्ष, काळापांढरा असतो, पण कायद्याने तोच ग्राह्य आहे. त्यावर रस्ता नसेल, तर समोर चाकोरी स्पष्ट दिसत असली तरी त्या वाटेवर गाडी घालता येत नाही. रस्त्याच्या कडेला किती अंतरापर्यंत गाडी उतरवून तंबू लावता येतो, हेही त्यावर खुणांनी दिलेले असते.

दोन प्रकारच्या जमिनींबाबत विशेष काळजी घ्यावी. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी सार्वजनिक नाहीत; नवाहो नेशनमध्ये त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाचा परवाना लागतो आणि प्रसिद्ध हवासू धबधब्याचे आरक्षण हवासुपाई जमातीकडूनच घ्यावे लागते. राष्ट्रीय उद्यानाचा वार्षिक पास तेथे निरुपयोगी आहे. दुसरा प्रकार पश्चिमेकडील राज्यांच्या ‘ट्रस्ट’ जमिनींचा. त्या शाळांसारख्या संस्थांच्या उत्पन्नासाठी राखलेल्या असतात, आणि ॲरिझोनात त्यांवर पाऊल ठेवायलाही राज्याचा वेगळा परवाना लागतो.

४. परवाना न लागणाऱ्या जागेवर किती दिवस राहता येते आणि तेथे काय मिळते?

अशा मुक्कामाला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस अशी मर्यादा असते. ती संपल्यावर तेथून ठरावीक अंतर दूर जावे लागते. हे अंतर आणि काही ठिकाणी दिवसही स्थानिक कार्यालय ठरवते, म्हणून त्या भागाच्या रेंजर स्टेशनला (वनरक्षकांच्या कार्यालयाला) फोन करून विचारणे उत्तम. फोन उचलणारी व्यक्ती बहुधा आदल्याच आठवड्यात त्या रस्त्याने जाऊन आलेली असते आणि पूल वाहून गेला आहे का, हेही सांगते.

मिळत काहीच नाही: पाणी नाही, संडास नाही, कचऱ्याची पेटी नाही. नवी जागा साफ करून तंबू लावू नये. आधीच्या मुक्कामांनी कठीण झालेली जमीन शोधावी. पाण्यापासून निदान २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर, दूर राहावे. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो आणि या जमिनींवर शिकार कायदेशीर असते, म्हणून त्या दिवसांत भडक नारिंगी रंगाचे जाकीट घालावे आणि मुलांनाही घालावे.

५. परवाना घ्यायचा म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहायचे का? ओळखपाळख लागते का?

मुळीच नाही. आपल्याकडे ‘परवानगी’ म्हटले की अर्ज, शिफारस आणि साहेबांची सही डोळ्यांसमोर येते. येथे परवाना म्हणजे बव्हंशी मोजणी आहे. एका पायवाटेवरून एका दिवशी किती माणसे मुक्कामाला गेली तर तळी, गवताळ माळ आणि प्राणी यांवर ताण येणार नाही, याचा अंदाज घेऊन कोटा ठरवलेला असतो. त्यात जागा असेल तर परवाना मिळतो, नसेल तर कोणालाच मिळत नाही. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण तिच्यात कंपनीचा संचालक आणि नुकताच आलेला विद्यार्थी एकाच रांगेत असतात.

परवान्याचे तीन प्रकार आढळतात. पहिला, कोट्याचा, ज्याचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. दुसरा, विनाकोटा पण कार्यालयातून घ्यावा लागणारा. तिसरा, पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी पेटीतून स्वतःच भरून घ्यायचा: पेटीतला छापील कागद घ्यायचा, नाव, माणसे, रात्री आणि वाट लिहायची, एक प्रत पेटीत टाकायची आणि दुसरी पिशवीला बांधायची. तो विनामूल्य असतो म्हणून काही जण तसेच पुढे जातात. तसे करू नये. त्या कागदांच्या मोजणीवरूनच पुढच्या वर्षी वाटेच्या दुरुस्तीला किती माणसे लागतील, हे ठरते.

६. योसेमिटीचा रानमुक्कामाचा परवाना नेमका कसा मिळवायचा?

कोटा ट्रेलहेडनुसार, म्हणजे तुम्ही जेथून चालायला सुरुवात करता त्या जागेनुसार आहे. एकूण जागांपैकी ६० टक्के २४ आठवडे आधी सोडतीने जातात. उरलेल्या ४० टक्के जागा निघण्याच्या ७ दिवस आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता खुल्या होतात. भारतात बसून प्रयत्न करणाऱ्यांसाठी ही वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातची आहे. लोकप्रिय ट्रेलहेडच्या जागा काही क्षणांत संपतात, म्हणून खाते आधी उघडून, सर्व माहिती भरून ठेवावी.

परवाना फक्त ट्रेलहेड आणि तारीख बांधून देतो. आत गेल्यावर कोणत्या तळ्याशी थांबायचे, हे बरेचसे तुमच्यावर असते. मात्र योसेमिटीची मुख्य दरी, ट्युओलमी मेडोज, वावोना, ग्लेशियर पॉइंट आणि हेच हेची या वस्तीच्या ठिकाणांपासून वाटेने ४ मैल आणि कोणत्याही रस्त्यापासून १ मैल दूर गेल्याखेरीज तंबू लावता येत नाही. वाटेवर गटाची कमाल संख्या १५ आहे; वाट सोडून जाणार असाल तर ८. परवानाधारकांना आदली एक रात्र आणि परतल्यानंतरची एक रात्र बॅकपॅकर्स कॅम्पग्राउंडमध्ये राहता येते. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच हॉटेल शोधत बसतात.

हाफ डोम या योसेमिटीतील खडकाळ शिखरावर आधारासाठी लावलेल्या तारा धरून चढण्यासाठी वेगळा परवाना लागतो. तुमचा मार्ग तेथून जात असेल, तर तो मुक्कामाच्या परवान्यालाच जोडून मागता येतो.

७. सोडतीत नाव लागले नाही. आता काय करावे?

नाव न लागणे हा नियम आणि लागणे हा अपवाद, असे धरूनच आखणी करावी. आधी वार बदलावा: मंगळवार-बुधवारी निघणाऱ्याला शुक्रवारी निघणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक संधी असते. मग महिना बदलावा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सिएरात डास नसतात, ओढे पार करणे सोपे असते आणि गर्दी ओसरलेली असते. रात्री पाणी गोठते, एवढी तयारी हवी. तिसरा उपाय म्हणजे उद्यानाच्या पूर्वेकडील इन्यो नॅशनल फॉरेस्ट. तेथे १ मे ते १ नोव्हेंबर या काळातील कोट्याच्या ६० टक्के जागा सहा महिने आधी आणि ४० टक्के जागा दोन आठवडे आधी, सकाळी ७ वाजता खुल्या होतात. सोडत नाही, सरळ आरक्षण. रद्द झालेल्या जागाही मधूनमधून दिसत राहतात.

८. माउंट व्हिटनी एका दिवसात करून येणार आहोत. मुक्काम नाही, तर परवाना कशाला?

येथे मुक्काम नसला तरी परवाना लागतो, हा मोठा अपवाद आहे. १४,५०५ फूट उंचीचे हे शिखर अलास्का वगळता अमेरिकेतील सलग राज्यांत सर्वोच्च आहे. १ मे ते १ नोव्हेंबर या काळात मुख्य वाटेवर रोज १०० जणांना दिवसभराचा आणि ६० जणांना मुक्कामाचा परवाना मिळतो. सोडतीचे अर्ज १ फेब्रुवारीपासून १ मार्चपर्यंत घेतले जातात. दिवसाचा परवाना मध्यरात्री ते मध्यरात्री असा असल्याने लोक रात्री दोनला विजेरी लावून निघतात. येथे मैला उघड्यावर पुरण्यास मनाई आहे. त्यासाठीची पिशवी सोबत न्यावी आणि परत आणावी लागते (प्रश्न १२ पाहा).

९. आईवडील पर्यटक व्हिसावर आले आहेत. त्यांना परवाना मिळतो का? प्रवेशशुल्क वेगळे आहे का?

परवान्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. गटप्रमुखाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते, पासपोर्ट चालतो.

प्रवेशशुल्कात मात्र १ जानेवारी २०२६ पासून मोठा फरक पडला आहे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास रहिवाशांसाठी ८० डॉलर आणि अनिवासींसाठी २५० डॉलर झाला. शिवाय योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, झायन यांसह ११ प्रमुख उद्यानांत पास नसलेल्या १६ वर्षे किंवा अधिक वयाच्या अनिवासी व्यक्तीला नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. आईवडील दोघे असतील आणि दोन उद्याने पाहायची असतील, तर हिशोब आधी मांडावा. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर असा अधिभार नाही, आणि सत्तरीच्या माणसांना पहिल्या रात्रीसाठी मी स्वतः तीच सुचवीन: गाडी जवळ असते आणि चढ नसतो.

सोबत पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची, प्रत ठेवावी. अठरा वर्षे किंवा अधिक वयाच्या परदेशी नागरिकाने नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत, असा कायदाच आहे आणि तो रानातही लागू असतो.

१०. परवाना मित्राच्या नावावर आहे, पण तो येऊ शकत नाही. आम्ही त्यावर जाऊ का? आणि एक दिवस उशिरा निघालो तर?

गटप्रमुख बदलता येत नाही, अशीच सर्वसाधारण पद्धत आहे. आरक्षण करताना पर्यायी प्रमुखाचे नाव देण्याची सोय असेल तर ते त्याच वेळी द्यावे. नंतर ते जोडता येईल, या भरवशावर राहू नये. परवाना विकणे बेकायदा आहे.

तारखेबाबत मी स्वतः चुकलो आहे. एका वर्षी वाटेत गाडीचे चाक बसले आणि आम्ही ट्रेलहेडवर ठरलेल्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचलो. परवान्यावर तीन रात्री लिहिल्या होत्या, त्यांतली एक वाया गेली, एवढाच आमचा हिशोब. दुपारी तळ्याकाठी भेटलेल्या रेंजरबाईंनी कागद उलगडला, प्रवेशाच्या तारखेवर बोट ठेवले आणि शांतपणे समजावले की कोटा मुक्कामाचा नसून प्रवेशाच्या दिवसाचा आहे; काल तुमच्या चार जागा रिकाम्या गेल्या आणि आज चार माणसे जास्त झाली. आम्ही सामान आवरून परत फिरलो. उशीर होणार असे दिसताच कार्यालयाला फोन करावा, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

११. शेकोटी पेटवता येते का? फक्त गॅसची शेगडी वापरणार असू तरीही काही लागते का?

कॅलिफोर्नियात लागते. फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएमच्या जमिनीवर, बांधीव कॅम्पग्राउंडच्या बाहेर, शेकोटीसाठीच नव्हे तर शेगडीसाठीसुद्धा ‘कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट’ हवे. ते विनामूल्य आहे. एक छोटी चित्रफीत पाहून काही प्रश्नांची उत्तरे दिली की ऑनलाइन मिळते आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालते.

परंतु हे परमिट असले म्हणून शेकोटी पेटवता येतेच असे नाही. उन्हाळा तापू लागला की टप्प्याटप्प्याने अग्निनिर्बंध लागतात. बहुतेक वेळा झडपेने बंद करता येणारी गॅसची शेगडी चालते, पण लाकूड, कोळसा आणि स्पिरिटवर चालणाऱ्या शेगड्या बंद होतात. उंचीचेही बंधन असते: योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर शेकोटी निषिद्ध आहे, कारण तेथे झाडे इतकी सावकाश वाढतात की जळालेले लाकूड भरून यायला पिढ्या जातात. टाहो तळ्याजवळच्या डेसोलेशन वाइल्डरनेसमध्ये तर ती बाराही महिने बंद आहे.

सह्याद्रीत गडावर मुक्काम म्हणजे शेकोटी, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. पावसाने चार महिने भिजलेल्या डोंगरातली ती सवय येथे आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिएरात मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो आणि पाइनच्या वाळक्या सुयांचा थर पायाखाली करकरतो. आग पसरली तर ती विझवण्याचा खर्च शेकोटी पेटवणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. जेथे शेकोटीला परवानगी आहे, तेथेही राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतून ढवळावी. वरून माती लोटली की निखारे आत जिवंत राहतात.

१२. संडासाची व्यवस्था काय करायची?

पाणी, वाट आणि तंबू यांपासून २०० फूट दूर, ६ ते ८ इंच खोल खड्डा करावा आणि नंतर बुजवावा. कागद पुरू नये. तो पिशवीत घालून परत आणावा. पाणी वापरणाऱ्यांनी बाटली ओढ्यावरून भरून त्याच अंतरावर न्यावी, ओढ्याकाठी बसू नये. व्हिटनीसारख्या ठिकाणी पुरणेही चालत नाही. भांडी घासण्याचे पाणीही याच अंतरावर पसरून टाकावे, कारण हळदीचा आणि तेलाचा तवंग तळ्यात फार काळ टिकतो.

१३. बेअर कॅनिस्टर खरेच लागतो का? फराळाचे डबे झाडाला टांगले तर चालणार नाही का?

योसेमिटीच्या संपूर्ण वाइल्डरनेसमध्ये कॅनिस्टर (अस्वलाला उघडता न येणारा अन्नाचा डबा) सक्तीचा आहे आणि अन्न टांगण्यास तेथे मनाई आहे. फांदीवरची पिशवी उतरवण्याची विद्या तिथल्या अस्वलांनी केव्हाच आत्मसात केली आहे. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुढे तंबूंपर्यंत येऊ लागते आणि शेवटी अनेकदा त्याला मारावे लागते. त्यामुळे हा नियम आपल्या जेवणाच्या रक्षणासाठी जितका आहे, त्याहून अधिक त्या जनावराच्या जिवासाठी आहे.

कॅनिस्टर म्हणजे जाड प्लास्टिकचे, कडा नसलेले पिंप. त्याचे झाकण फिरवताना आतल्या खाचा अंगठ्याने दाबाव्या लागतात. थंडीने बोटे आखडल्यावर हे जमत नाही, म्हणून घरी दहा वेळा उघडून पाहावे. अनेक परवाना-कार्यालयांत तो भाड्याने मिळतो. त्यात केवळ जेवण नव्हे, तर वास येणारे सर्व काही मावले पाहिजे: टूथपेस्ट, खोबरेल तेल, बाम, लोशन, ओठांना लावायचे मलम, उदबत्ती आणि कचराही. आपल्या मंडळींची अडचण येथेच होते. चिवडा आणि भडंग यांत बरीचशी हवा असते. दोन पुड्यांतच पिंप भरते. त्यापेक्षा थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गूळपापडी, खाकरे असे कमी जागेत पोटभर होणारे जिन्नस घ्यावेत. खोकी आणि वेष्टने घरीच काढून सपाट पिशव्यांत भरावे. पहिल्या दिवसाचे दुपारचे जेवण बाहेर राहिले तरी चालते, रात्री मात्र सगळे आत गेले पाहिजे.

रात्री पिंप तंबूपासून दूर, सपाट जागी, पाण्यापासून आणि कड्यापासून लांब ठेवावे, नाही तर अस्वल ते ढकलत नेते. गाडीतही अंधार पडल्यावर अन्न ठेवू नये; ट्रेलहेडजवळ लोखंडी पेट्या असतात, त्या वापराव्यात.

एक विसंगती ध्यानात ठेवावी. यलोस्टोन आणि ग्लेशियर या उद्यानांत ग्रिझली (मोठी तपकिरी) अस्वले असल्याने बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला हटवणारा तिखट फवारा, जवळ ठेवण्याची शिफारस केली जाते. योसेमिटीत, जेथे केवळ काळी अस्वले आहेत, तोच स्प्रे बाळगण्यास बंदी आहे. विमानात तो हातातल्या किंवा चेक-इन कोणत्याच सामानात चालत नाही. शेगडीच्या गॅसच्या डब्यांचेही तसेच. ते उतरल्यावर विकत घ्यावेत.

१४. आमच्या मंडळाची चाळीस जणांची सहल आहे. एकच परवाना काढावा का?

वाइल्डरनेसमध्ये नाही. तेथे गटाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १२ किंवा १५ असते, आणि चाळिसांचे तीन गट करून एकाच तळ्याशी पुन्हा एकत्र बसणे हे नियमाचे उल्लंघनच आहे. नॅशनल फॉरेस्टच्या मोकळ्या जमिनीवर ७५ किंवा अधिक माणसांच्या अव्यावसायिक मेळाव्याला विशेष परवाना लागतो, त्यामुळे चाळीस जण तांत्रिकदृष्ट्या त्याखाली येत नाहीत. पण संडास नसलेल्या जागी चाळीस माणसे न्यावीत असे मला वाटत नाही. मोठ्या गटांसाठी राखलेले ग्रुप कॅम्पग्राउंड घ्यावे. संयोजक स्वतःसाठी नफा ठेवून पैसे घेत असेल, तर ती सहल व्यावसायिक ठरते आणि तिला निराळा परवाना लागतो, संख्या कितीही असो.

१५. तंबू न लावता गाडीतच झोपलो तर?

राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेला किंवा वाहनतळावर गाडीत झोपणे म्हणजे बेकायदा मुक्काम. बीएलएम आणि नॅशनल फॉरेस्टच्या मोकळ्या जमिनीवर ते चालते. तेथे प्रश्न ३ आणि ४ मधील नियम लागू होतात.

१६. आम्ही न्यू जर्सीत, आमचे नातेवाईक टेक्सासात. हे सगळे पश्चिमेचेच आहे का?

सरकारी जमीन मुख्यतः पश्चिमेत आहे, हे खरे. पण न्यू यॉर्क राज्याचे ॲडिरॉन्डॅक हे पूर्वेचे फार मोठे वैभव आहे. तिथली राज्याच्या मालकीची वने ‘कायम रानच राहतील’, अशी तरतूद राज्यघटनेतच १८९४ मध्ये झाली. रस्ता, वाट आणि पाणी यांपासून १५० फूट दूर विनापरवाना मुक्काम करता येतो. त्याहून जवळ केवळ खुणेच्या ठरीव जागांवर. एकाच जागी तीन रात्रींपेक्षा अधिक राहायचे असेल किंवा गटात १० वा अधिक माणसे असतील, तर फॉरेस्ट रेंजरकडून परवाना घ्यावा. ४,००० फुटांच्या वर हिवाळ्याचा ठरावीक काळ सोडला तर मुक्काम निषिद्ध आहे. ईस्टर्न हाय पीक्स भागात १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे आणि शेकोटीला बंदी आहे.

दक्षिणेत ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण रानातील मुक्कामाला माणशी एका रात्रीचे ८ डॉलर पडतात. टेक्सासात बहुतेक जमीन खासगी आहे. ह्यूस्टनकरांना सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट जवळ पडते, मात्र हरणांच्या शिकारीच्या हंगामात तेथे ठरवून दिलेल्या तळांवरच राहता येते.

१७. आमची वाट एका नॅशनल फॉरेस्टमधून निघून योसेमिटीत जाते. दोन परवाने काढायचे का?

नाही. सलग प्रवास असेल तर जेथून चालायला सुरुवात करता, तेथील कार्यालयाचा परवाना पुढच्या हद्दीतही ग्राह्य धरला जातो. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा: मध्ये रान सोडून गावात एक-दोन दिवस राहिलात, तर साखळी तुटू शकते. नियम मात्र ज्या हद्दीत पाऊल असेल तिथले पाळायचे. फॉरेस्टमध्ये पट्टा लावून चालत आलेला कुत्रा योसेमिटीच्या सीमेवरून आत जाऊ शकत नाही.

१८. ड्रोन नेता येतो का?

राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवण्यास आणि उतरवण्यास मनाई आहे. इतर खात्यांच्या वाइल्डरनेसमध्येही तो उडवता येत नाही.

१९. परवाना नसताना सापडलो तर काय होते? व्हिसावर परिणाम होतो का?

रेंजर वाटेवर परवाने तपासतात. समज देऊन परत पाठवण्यापासून दंडापर्यंत काहीही होऊ शकते. नॅशनल फॉरेस्टच्या आदेशभंगाला व्यक्तीसाठी कमाल ५,००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत अटक व दोषसिद्धी यांविषयी थेट प्रश्न असतात, म्हणून दंडाची पावती ‘किरकोळ’ समजून फेकू नये. ती जपून ठेवावी आणि वकिलाला दाखवावी.

२०. परवाना घेतला आहे, म्हणजे वेळेवर परतलो नाही तर ते शोधायला येतील ना?

येणार नाहीत. परवान्यावर परतीची तारीख असली तरी तुम्ही बाहेर पडलात की नाही, हे कोणी तपासत नाही. शोध सुरू होतो तो घरच्या माणसाने कळवल्यावर. म्हणून ट्रेलहेड, मार्ग, गाडीचा क्रमांक आणि ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर या कार्यालयाला कळव’ एवढा कागद मागे राहणाऱ्याकडे द्यावा. राष्ट्रीय उद्याने शोध व सुटकेचा खर्च सहसा आकारत नाहीत. हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेचे देयक मात्र वेगळे आणि अवाढव्य असते, तेव्हा भारतातून येणाऱ्यांचा प्रवास विमा ते भरून देतो का, हे पाहावे. न्यू हॅम्पशायर राज्य निष्काळजीपणे अडकलेल्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करते.

२१. फोनला रेंज नसते म्हणून उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र घेतले. ते भारतात सुट्टीला जाताना सोबत न्यावे का?

नेऊ नये. अमेरिकेतील रानात हे यंत्र अत्यंत उपयोगी आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही. भारतात मात्र पूर्वपरवानगीशिवाय उपग्रह दूरध्वनी किंवा संदेशयंत्र बाळगणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असेच यंत्र जवळ असल्याने कॅनडाहून आलेल्या एका महिला धावपटूला ताब्यात घेण्यात आले होते. सह्याद्रीत वापरू, या विचाराने ते बॅगेत टाकणारे अनेक जण मला भेटले आहेत. पाठपिशवीच्या कप्प्यात राहिलेले यंत्र विमान पकडण्यापूर्वी काढून अमेरिकेतील घरीच ठेवावे.